गिधाडांचे औषध गोठ्यात आहे

मराठी भाषेने गिधाडाला फारसा न्याय दिलेला नाही. मृताच्या इस्टेटीवर डोळा ठेवून बसलेल्या आप्तांना आपण गिधाडे म्हणतो आणि अडलेल्याला लुबाडण्याच्या स्वभावाला गिधाडवृत्ती असे नाव देऊन मोकळे होतो. वास्तविक, सीतामाईसाठी रावणाशी झुंजून ज्याने आपले पंख गमावले तो जटायू गृध्रकुळातलाच. नाशिक जिल्ह्याच्या इगतपुरी तालुक्यात टाकेद येथे त्याने देह ठेवला अशी श्रद्धा असून भाविक आजही तेथे जातात. देवळात नमस्कार आणि बोलण्यात शिवी, अशी आपली या पक्ष्याशी वागण्याची दुहेरी रीत आहे.

आमच्या वाचकांपैकी ज्यांचे बालपण १९८० च्या आसपास किंवा त्यापूर्वी एखाद्या खेड्यात वा लहान शहरात गेले, मग ते गाव विदर्भातले असो, माळव्यातले असो की तेलंगणातले, त्यांना गिधाडांची ओळख करून देण्याचे कारण नाही. मेलेला बैल किंवा म्हैस ओढून नेऊन टाकण्याची गावाबाहेर एक ठरलेली जागा असे. तेथे जनावर पडले की घटकाभरात आकाशात एक ठिपका दिसे, मग दुसरा, आणि पाहता पाहता पंचवीस-तीस. गिधाडांना दुरून वास येतो असा समज आहे, तो आपल्याकडील या गिधाडांपुरता खरा नाही. ती आपले भक्ष्य डोळ्यांनी शोधतात. उंचावर एकमेकांपासून दूर दूर घिरट्या घालीत असता प्रत्येकाची नजर जितकी जमिनीवर असते तितकीच शेजारच्या गिधाडावर असते. एक खाली झेपावले की शेजारचे त्याच्या मागे निघते आणि त्याच्या मागे त्यापलीकडचे. आकाशातील या तारायंत्राने बातमी पोचून जमलेला थवा तासाभरात बैलाचा सांगाडा करून ठेवी. गिधाडाच्या पोटातील आम्ल इतके तीव्र असते की सडक्या मांसातील बहुतेक रोगजंतूंचा तेथे निभाव लागत नाही. या कामासाठी ग्रामपंचायतीला किंवा नगरपालिकेला एक पैसाही मोजावा लागत नसे.

पुढे ती दिसेनाशी झाली, आणि नवल असे की ते फारसे कोणाच्या ध्यानात आले नाही. चिमणी कमी झाली तर घराघरांत हळहळ होते. गिधाड गेले तर ‘बरे झाले, ब्याद टळली’ असे म्हणणारेच अधिक.

ध्यानात आले ते नोंदी ठेवणाऱ्यांच्या. राजस्थानात भरतपूरच्या केवलादेव राष्ट्रीय उद्यानात बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे शास्त्रज्ञ डॉ. विभू प्रकाश हे १९८० च्या दशकात शिकारी पक्ष्यांचा अभ्यास करीत होते. १९८७-८८ साली तेथे पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची साडेतीनशेच्या आसपास घरटी नोंदली गेली होती. १९९६-९७ साली पाहिले तेव्हा दीडशे उरली होती. झाडांच्या फांद्यांवर मान खाली टाकून बसलेली मलूल गिधाडे जागोजाग दिसत होती, आणि त्यांतील कित्येक तशी बसल्या बसल्याच खाली कोसळत. आणखी काही वर्षांत तेथील घरटी जवळजवळ नाहीशी झाली.

हा प्रकार एकट्या भरतपुराचा की सबंध देशाचा, हे कसे ठरवावयाचे? सुदैवाने १९९१ ते १९९३ या काळात देशभर रस्त्यारस्त्याने मोटारीतून फिरून शिकारी पक्ष्यांची एक मोजणी झालेली होती. ती करणाऱ्यांच्या ध्यानीमनीही नव्हते की आपले आकडे पुढे अशा कामी येतील. २००० पासून त्याच मार्गांवरून पुन्हा पुन्हा मोजणी झाली आणि जुन्या आकड्यांशी ताडून पाहता जे दिसले त्याने पक्षिशास्त्रज्ञ हादरून गेले. १९९२ ते २००७ या १५ वर्षांत पांढऱ्या पाठीची गिधाडे ९९.९ टक्क्यांनी घटली होती. म्हणजे हजारांतले एक उरले. भारतीय गिधाड आणि बारीक चोचीचे गिधाड या दोन भाऊबंदांची घट सुमारे ९७ टक्के होती. ज्या पांढऱ्या पाठीच्या गिधाडाची गणना १९८० च्या दशकात जगातील सर्वाधिक संख्येच्या मोठ्या शिकारी पक्ष्यांमध्ये होत असे, त्याची ही स्थिती. पक्षी मोजीत हिंडणे हा रिकामटेकड्यांचा उद्योग आहे असे मानणारे गृहस्थ अजून पुष्कळ आहेत. त्यांनी या मोजणीचा विचार करावा. जुना आकडा टिपून ठेवलेला नसता तर गिधाडे ‘पूर्वी होती म्हणे’ एवढेच आपण बोलत राहिलो असतो.

आता कारणाचा शोध सुरू झाला. पहिला संशय साथीच्या रोगावर गेला, आणि तो अगदीच निराधार नव्हता. इतक्या झपाट्याने इतके पक्षी मरतात ते सहसा साथीनेच. विषाणूचा कसून शोध झाला. शेतातील कीटकनाशके तपासली गेली. अन्न कमी पडले म्हणावे तर मेलेल्या जनावरांचा देशात तोटा नव्हता. मृत गिधाडे फाडून पाहता मात्र बहुतेकांत एक गोष्ट सारखी आढळे. काळीज, यकृत आणि इतर अवयवांवर खडूची पूड फासावी तसा पांढरा थर जमलेला असे.

हा थर कसला, हे समजण्यास फार मोठे शास्त्र नको. आपण ज्याला पक्ष्याची शीट म्हणतो त्यातील पांढरा भाग म्हणजे यूरिक आम्ल. आपल्या शरीरातील जो टाकाऊ भाग लघवीवाटे जातो तो पक्ष्यांत या रूपाने बाहेर पडतो, आणि ते काम मूत्रपिंडे करतात. मूत्रपिंडे बंद पडली की हेच आम्ल रक्तात साचून त्याचे स्फटिक अवयवांवर बसतात आणि पक्षी मरतो. तेव्हा प्रश्न असा उरला की गिधाडांची मूत्रपिंडे कशाने बंद पडत होती.

उत्तर मिळाले ते पाकिस्तानच्या पंजाब प्रांतात. तेथे अमेरिकेतील पेरेग्रिन फंड ही संस्था स्थानिक पक्षिमित्रांसह गिधाडांच्या वसाहतींवर लक्ष ठेवून होती, आणि मृत पक्ष्यांची तपासणी डॉ. लिंडसे ओक्स या पशुवैद्याकडे होती. रोगजंतू सापडेनात, विषे सापडेनात, तेव्हा त्यांनी एक साधा मार्ग धरला. गिधाडांच्या पोटात जे जाते ते गुरांचे मांस. मग गुरांच्या पोटात काय जाते? त्यांच्या मंडळींनी त्या भागातील पशुवैद्यांना आणि औषधविक्रेत्यांना विचारले की मूत्रपिंडाला अपाय करू शकेल असे कोणते औषध तुमच्याकडे गुरांसाठी खपते. उत्तरात एक नाव आले, डायक्लोफेनॅक. त्यानंतर प्रयोगशाळेत पाहिले तो, पांढरा थर असलेल्या २५ च्या २५ गिधाडांत या औषधाचा अंश मिळाला, आणि अन्य कारणांनी मेलेल्या १३ गिधाडांपैकी एकातही मिळाला नाही. हे संशोधन २००४ साली प्रसिद्ध झाले. प्रयोगशाळेचे श्रेय मोठे आहेच, पण बाजारातील दुकानदाराला विचारण्याचे सुचले नसते तर ती प्रयोगशाळा आणखी किती वर्षे अंधारात चाचपडली असती हे सांगवत नाही.

डायक्लोफेनॅक हे नाव आमच्या अनेक वाचकांना ओळखीचे वाटेल. गुडघेदुखीवर, कंबरदुखीवर माणसांना दिले जाणारे हे औषध आहे आणि डॉक्टरांच्या सल्ल्याने ते घेणाऱ्यांनी या लेखामुळे बिचकू नये; माणसाच्या औषधपेटीतील गोळीने गिधाड मरत नाही. १९९० च्या दशकात हे औषध स्वस्त झाले आणि गुरांसाठीही सर्रास वापरात आले. लंगडणारा बैल, सुजलेली कास, ताप आलेली म्हैस यांना एक सुई टोचली की जनावर उठून चारा खाऊ लागे. शेतकऱ्याने ते आपुलकीने दिले, पशुवैद्याने विश्वासाने दिले. येथे गुन्हेगार शोधू जाल तर कोणी हाती लागत नाही, आणि म्हणूनच हे प्रकरण साध्या शिकारबंदीपेक्षा कितीतरी अवघड ठरले.

सुई दिल्यावर थोड्याच दिवसांत जनावर दगावले तर औषध त्याच्या मांसात शिल्लक असते. जी मात्रा गुराला मानवते तिच्या मानाने अगदी अल्प अंश गिधाडाला एक-दोन दिवसांत मारावयास पुरतो. त्यातून एका जनावरावर एक गिधाड बसत नाही, थवा बसतो. हिशेब मांडला तेव्हा असे निघाले की दर हजार मेलेल्या जनावरांपैकी अवघ्या मोजक्या जनावरांत प्राणघातक मात्रा असली तरी एवढा संहार होण्यास ती पुरेशी होती. प्रत्यक्षात २००४-०५ च्या सुमारास भारतातील मृत गुरांचे नमुने तपासले, तेव्हा शंभरांपैकी दहांत डायक्लोफेनॅक होते. शिवाय गिधाडीण वर्षाला एकच अंडे घालते आणि पिलू वयात येण्यास पाचेक वर्षे लागतात. वेगाने मरणारा आणि सावकाश वाढणारा असा हा पक्षी. कावळ्याच्या शापाने गाय मरत नाही अशी आपल्याकडे म्हण आहे. गाईच्या औषधाने मात्र गिधाड मेले.

एक चमत्कारिक गोष्ट अशी की अमेरिकेतील टर्की गिधाडावर हेच औषध कितीतरी अधिक मात्रेत देऊन पाहिले, तर त्याला काही झाले नाही. तेव्हा एका पक्ष्याला चालले म्हणून दुसऱ्याला चालेल असे तर्काने म्हणता येत नाही. एकेक औषध पारखूनच घ्यावे लागते.

गिधाडे गेल्याचा जाब माणसालाही द्यावा लागला. माळावर पडलेली गुरे कुत्र्यांच्या वाट्याला आली. गिधाडे घटल्याने भटक्या कुत्र्यांची संख्या सुमारे ५५ लाखांनी वाढली असावी असा एक अंदाज २००८ साली प्रसिद्ध झाला. कुत्रे वाढले तसे कुत्रे चावण्याचे आणि पिसाळण्याचे प्रकार वाढले. २०२४ साली इयाल फ्रँक आणि अनंत सुदर्शन या दोन अर्थशास्त्रज्ञांनी आणखी पुढचा हिशेब मांडला. ज्या जिल्ह्यांत पूर्वी गिधाडे भरपूर होती आणि ज्यांत ती मुळातच विरळ होती, अशांच्या मृत्यूंच्या नोंदी त्यांनी शेजारी शेजारी ठेवल्या. २००० ते २००५ या काळात गिधाडांच्या अभावी सुमारे पाच लाख माणसे अधिक दगावली असावीत, असे त्यांचे अनुमान आहे. अनुमानाचा आकडा अनुमान म्हणूनच घ्यावा. परंतु त्यातील निम्मा जरी खरा धरला तरी तो लहान नाही. मुंबईत मलबार हिलवरील डुंगरवाडीत पारशी बांधवांच्या शतकानुशतके चालत आलेल्या अंत्यविधीचा आधारच नाहीसा झाला आणि गिधाडांच्या जागी सूर्यकिरण एकवटणारे आरसे आणावे लागले, ही हानी तर कोणत्याही आकड्यात बसत नाही.

सरकारने पाऊल उचलले ते तसे तत्परतेने. संशोधन २००४ चे, आणि २००६ च्या मे महिन्यात गुरांसाठी डायक्लोफेनॅकचे उत्पादन थांबविण्याचा आदेश निघाला. नेपाळ आणि पाकिस्ताननेही त्याच वर्षी बंदी घातली, बांगलादेशाने २०१० साली. बंदीबरोबर पर्यायही हाती होता, हे विशेष. मेलॉक्सिकॅम नावाचे दुसरे वेदनाशामक गिधाडांना प्रत्यक्ष देऊन ते निर्धोक असल्याची खात्री शास्त्रज्ञांनी २००६ सालीच करून दिली होती. गुरालाही ते चांगले लागू पडते.

एवढे झाल्यावर प्रश्न सुटावयास हवा होता. तो सुटला नाही. नोव्हेंबर २००७ ते जून २०१० या काळात ११ राज्यांतील अडीचशेहून अधिक औषधदुकानांत जाऊन ‘गुराच्या दुखण्यावर काही द्या’ असे विचारून पाहण्यात आले. ३६ टक्के दुकानांत डायक्लोफेनॅक निघाले. गुरांसाठीच्या बाटल्या बंद झाल्या होत्या, पण माणसांसाठीची ३० मिलिलिटरची मोठी कुपी खुशाल मिळत होती, आणि ती गुराच्या एका सुईला बरोबर पुरे. माणसाला एका वेळी एवढे औषध कधीच लागत नाही. मग मोठी कुपी कोणासाठी, हे उघड होते. अखेर २०१५ साली माणसांसाठीचे इंजेक्शन ३ मिलिलिटरपेक्षा मोठ्या कुपीत विकण्यास मनाई झाली. एका बैलासाठी दहा कुप्या फोडीत बसण्यापेक्षा मेलॉक्सिकॅमची एक बाटली आणणे सोयीचे, असा त्यामागील विचार. औषध बनविणाऱ्यांपैकी काहींनी त्याविरुद्ध न्यायालयात धाव घेतली, परंतु २०१७ साली मद्रास उच्च न्यायालयाने तो निर्बंध कायम ठेवला. आमच्या मते या साऱ्या प्रकरणात कायद्याने जे चातुर्य दाखविले ते येथे. शिक्षेच्या धाकाने जे साधले नाही ते कुपीचा आकार बदलून पुष्कळसे साधले.

तथापि, औषधे एकाच्या मागून एक येत असतात. ॲसिक्लोफेनॅक हे गुराच्या शरीरात गेल्यावर डायक्लोफेनॅकच बनते. किटोप्रोफेननेही गिधाडे मरतात. या दोहोंवर गुरांच्या बाबतीत २०२३ साली बंदी आली आणि २०२४ च्या अखेरीस निमेसुलाइडवर. पहिल्या बंदीपासून येथवर यावयास १८ वर्षे लागली.

शास्त्रज्ञ कारण सांगतो, सरकार आदेश काढते. परंतु सुई टोचण्याचा क्षण हा गोठ्यात येतो, आणि तेथे ना शास्त्रज्ञ असतो ना अधिकारी. तेथे मालक असतो, मालकीण असते, गावातला कोणी सुई देणारा असतो. त्यांना पटले तरच पुढची पायरी.

हे पटविण्याचे एक नमुनेदार काम नेपाळात झाले. चितवन अरण्याजवळील पिठौली गावच्या लोकांनी २००६ साली ‘जटायू रेस्टॉरंट’ या नावाने गिधाडांची खाणावळ काढली. नाव ऐकून हसू येईल, पण योजना मोठी समंजस होती. नेपाळात गोहत्येला बंदी आहे, त्यामुळे म्हातारी भाकड गाय शेतकऱ्याला पोसणे जड जाते. गावकरी अशा गाई आणतात आणि त्यांना नैसर्गिक मरण येईपर्यंत सांभाळतात. त्यांना घातक औषध दिले जात नाही. मेल्यावर त्यांचे शव उघड्या माळावर गिधाडांसाठी ठेवतात. आडोशाला बसून तो सोहळा पाहावयास येणाऱ्या प्रवाशांकडून गावाला उत्पन्न मिळते. जोडीला आसपासच्या जिल्ह्यांतील दुकानांतून डायक्लोफेनॅकच्या बाटल्या गोळा करून त्यांच्या बदल्यात मेलॉक्सिकॅमच्या देण्यात आल्या. गिधाडांच्या वसाहतीभोवती १०० किलोमीटर त्रिज्येचा प्रदेश अशा रीतीने घातक औषधांपासून मुक्त करावयाचा, ही ‘गिधाड सुरक्षित क्षेत्रा’ची कल्पना तेथे रुजली. पुढे नेपाळातील गिधाडांची घट थांबली आणि संख्या हळूहळू वाढीला लागल्याचे मोजण्यांतून दिसून आले. थोड्या पैशात आणि पुष्कळशा बोलण्यात हे झाले, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

महाराष्ट्रातही असे प्रयत्न आहेत. रायगड जिल्ह्यात म्हसळा तालुक्यातील चिरगावच्या परिसरात उंच झाडांवर पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची घरटी राहिली ती स्थानिक निसर्गप्रेमी आणि गावकरी यांच्यामुळे. घरट्याचे झाड तोडावयाचे नाही हे गावाने मनावर घेतले. हे काम किती नाजूक असते याची कल्पना ३ जून २०२० रोजी आली. निसर्ग चक्रीवादळ नेमके श्रीवर्धनच्या याच किनाऱ्यावर आदळले आणि वर्षानुवर्षे जपलेली उंच झाडे एका दिवसात आडवी झाली. नाशिक जिल्ह्यात हरसूलच्या बाजूला खोरीपाडा येथे आदिवासी गावकऱ्यांनी वनखात्याच्या साह्याने गिधाडांसाठी अन्नाची जागा राखली. गडचिरोलीतही वनखात्याने अशा जागा केल्या असून गावातील तरुण तेथे ‘गिधाडमित्र’ म्हणून काम करतात. या तरुणांची कामगिरी आम्हाला विशेष वाटते. कारण मेलेल्या जनावराजवळ जाणे हे आपल्या समाजात कोणी कमीपणाचे ठरविले आणि कोणाच्या माथी मारले, हे वाचकांना सांगावयास नको. तेच काम आता शास्त्राच्या नोंदवहीत जाते आहे.

आमचे वाचक दूरदूरच्या प्रांतांत विखुरलेले आहेत. कोणी इंदूरला, कोणी बडोद्याला, कोणी हैदराबादेत. त्यांतील पुष्कळांच्या घरी आज गोठा नाही. पण गावाकडे भावाच्या, मामाच्या, दिराच्या घरी असेल. पुढील खेपेस गावी गेल्यावर एवढे अवश्य पाहावे की गुरांच्या औषधांच्या डब्यात कोणती बाटली आहे. वेदनाशामक लागलेच तर मेलॉक्सिकॅम किंवा टोल्फेनॅमिक ॲसिड. ही दोन्ही गिधाडांच्या दृष्टीने निर्धोक ठरलेली आहेत. मात्रा अर्थातच गुरांच्या डॉक्टरांनी ठरवावयाची. आपण केवळ ‘हे गिधाडांना चालणारे आहे ना?’ एवढे विचारावे. हा प्रश्न दहा घरांतून विचारला गेला की दुकानदार आपोआप दुसरी बाटली ठेवू लागतो. औषध चालू असताना किंवा ते थांबल्यावर थोड्याच दिवसांत जनावर दगावले, आणि कोणते औषध दिले होते याची खात्री नसेल, तर ते उघड्यावर न टाकता खोल पुरावे. ते विष घालून तर कधीच ठेवू नये. बिबट्यासाठी किंवा भटक्या कुत्र्यांसाठी ठेवलेल्या विषावर प्रथम गिधाडेच येतात.

मुलांनाही यात काम आहे, आणि ते त्यांच्या आवडीचे आहे. भरतपूरच्या नोंदीने जे केले तेच आज देशभरातील हौशी पक्षिनिरीक्षक करीत आहेत. २०२३ साली भारतातील पक्ष्यांच्या स्थितीवर जो मोठा अहवाल निघाला, त्यात ९४२ जातींचा विचार झाला आणि त्याचा पाया होता सुमारे ३०,००० निरीक्षकांनी टिपलेल्या ३ कोटी नोंदी. हे निरीक्षक म्हणजे शिक्षक, विद्यार्थी, बँकेतले कारकून, गृहिणी. तारीख, वेळ, ठिकाण, कोणता पक्षी आणि किती, एवढेच टिपावयाचे असते. ‘एकही दिसला नाही’ ही नोंदसुद्धा तितकीच मोलाची. उंच कड्यावर किंवा झाडावर गिधाडाचे घरटे आढळले तर त्याच्या जवळ जाऊ नये, छायाचित्रासाठी तर मुळीच नाही, वनखात्याला कळवावे.

आज देशात किती गिधाडे आहेत? २०१५ च्या पाहणीवरून पांढऱ्या पाठीची सुमारे ६,०००, भारतीय गिधाडे सुमारे १२,००० आणि बारीक चोचीची सुमारे १,००० असावीत असा अंदाज करण्यात आला. पूर्वीच्या संख्येपुढे हे आकडे काहीच नव्हेत. मात्र घसरण बरीचशी थांबली आहे. पिंजऱ्यात पैदास करून ठेवण्याचे काम हरियाणातील पिंजोर येथे २००४ साली सुरू झाले, आणि पुढे पश्चिम बंगाल, आसाम व मध्य प्रदेश येथेही केंद्रे निघाली. वीस वर्षे ही गिधाडे पिंजऱ्यात सांभाळली गेली याचे कारण एकच होते. बाहेरचे मांस निर्धोक झाल्याचा भरवसा नव्हता. २०२० साली पिंजोरहून आठ गिधाडे मोकळी सोडली. जानेवारी २०२४ मध्ये वीस गिधाडे महाराष्ट्रात आणली गेली, दहा ताडोब्याला आणि दहा पेंचला, आणि काही महिने तेथील हवेची सवय करून दिल्यावर त्यांना पाठीवर संदेशयंत्र बांधून सोडण्यात आले.

त्यांतील ताडोब्याचे एक गिधाड अनेक राज्यांवरून फिरत फिरत तमिळनाडूपर्यंत जाऊन पोचले. वनखात्याला ते यंत्रावरून समजत होते. वाटेत ते कोणकोणत्या गावांच्या माळावर उतरले असेल, आणि तेथे पडलेल्या जनावराला शेवटची सुई कोणती दिली होती, हे मात्र त्या त्या गोठ्याच्या मालकालाच ठाऊक.